सातव्या खणातला ब्लॉक

१

सकाळी साडेआठला आमचा शिपाई पुना बर्फाचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "घ्या भाऊ, तुमना माल ताजा ऱ्हाई."

अकरा वर्षं तो हाच विनोद करतो आहे. मीही अकरा वर्षं मान हलवतो.

माल म्हणजे मेणाचे ठोकळे. आम्ही त्यांना ब्लॉक म्हणतो. रुग्णाच्या गाठीतून काढलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये पक्का करायचा, मग त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या मेणात बसवायचा. काड्यापेटीच्या निम्म्या आकाराचा ठोकळा होतो. त्याच्या पाठीला प्लास्टिकची जाळी असते आणि जाळीच्या कडेवर नंबर. नंबर पेन्सिलनेच लिहितात, शाई रसायनात धुऊन जाते. असा ब्लॉक तीस-चाळीस वर्षं टिकतो. तुकडा पूर्ण मेलेला असतो, म्हणून टिकतो.

तो कापायचं काम माझं. बर्फावर गार केलेला ब्लॉक मायक्रोटोममध्ये अडकवायचा आणि चाक फिरवायचं. एका फेऱ्याला चार मायक्रॉनचा पापुद्रा निघतो. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक. पापुद्रे एकमेकांना चिकटून त्यांची पट्टी होते, ती कोमट पाण्यावर सोडायची आणि काचेवर उचलून घ्यायची.

आमच्याकडची हवा कोरडी. मेण ठिसूळ होतं, पापुद्रा गुंडाळतो. अशा वेळी कापणारा माणूस तोंड ब्लॉकजवळ नेतो आणि हळूच एक श्वास सोडतो. फुंकर नाही, आरसा पुसण्याआधी सोडतो तसा श्वास. याला आम्ही वाफ देणं म्हणतो. भुसावळला बन्सीलाल सरांनी मला पातं लावायला शिकवण्याआधी वाफ द्यायला शिकवलं होतं. कोविडनंतर त्याला बंदी आली. मास्क काढायचा नाही, ओल्या कापसाने काम करायचं, असा कागद भिंतीवर लावला आहे.

मी मास्क खाली ओढतो आणि वाफ देतो. पुनाला ते माहीत आहे. मॅडमना नाही.

२

आमचं केंद्र धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेच्या कडेला आहे. एका ट्रस्टचं. मॅडम, म्हणजे डॉक्टर ज्योत्स्ना पावरा, तिथे संशोधन करतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या, वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. स्तनाचा कर्करोग उपचारांनंतर काही बायकांमध्ये परत येतो आणि काहींमध्ये का येत नाही, याचा शोध त्या घेत आहेत. त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या एकशे बारा बायकांचे जुने ब्लॉक निवडले. ते खालच्या लोखंडी कपाटाच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या खणात ठेवले आहेत. कापण्याच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. चौथी सुरू व्हायची होती.

"जपून कापा, तायडे भाऊ," त्या प्रत्येक फेरीला सांगत. "या बायका परत तुकडा द्यायला येणार नाहीत."

त्या एकशे बारांतली एक माझी पत्नी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ब्लॉकवर नाव नसतं. पण २०/११८६ हा नंबर माझ्याच अक्षरातला आहे. चार वर्षांपूर्वी मीच तो लिहिला होता, तुकडाही मीच मेणात बसवला होता. दुसऱ्या कोणी करावं हे मला सहन झालं नसतं.

सविता गेली त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. तिच्या अस्थी तापीत सोडल्या. साड्या मुलीने वाटून दिल्या. तिचं म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते सातव्या खणात होतं आणि दर फेरीला थोडं कमी होत होतं. हे मॅडमना सांगणं माझं काम होतं. सांगितलं असतं तर त्यांनी तो ब्लॉक दुसऱ्याच्या हातात दिला असता.

म्हणून सांगितलं नाही.

३

सोमवारी पुना दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, सातवा खण बठस नही."

"शनिवारी तर बसत होता."

"शनवारले बठना, आज नही बठस. आते मी काय त्यानावर बसू?"

"खालच्या ओलीने फुगला असेल."

"लोखंड शे भाऊ, लाकूड थोडं शे फुगाले." मग तो हसला. "तुम्हीन ठोकळासले वाफ दी दी फुगाडी दिधं व्हई."

मी खाली गेलो. खणात ब्लॉक एकामागे एक उभे असतात. रांग लांबली की पहिला ब्लॉक चौकटीला अडतो. पहिला ब्लॉक २०/११८६ होता. तो काढला आणि खण मिटला.

हातात घेतल्यावर मला तो वेगळा वाटला. काय वेगळं ते लगेच कळेना. वर आणून खिडकीच्या उजेडात धरला. आमच्या साच्यात मेणाची जाडी चार मिलिमीटर येते. तीन फेऱ्यांमध्ये दर वेळी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा गेला, म्हणजे तीन उरायला हवी होती. मी कॅलिपर लावला.

साडेचार.

कॅलिपर पुसून पुन्हा लावला. साडेचार. मग आतल्या तुकड्याकडे पाहिलं. मी बसवला तेव्हा तो करंगळीच्या नखाएवढा होता आणि चहूबाजूंनी पांढरं मेण होतं. आता तो मेणाच्या कडांपर्यंत पोहोचला होता.

४

घाबरण्याआधी मोजमाप तपासायचं, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. कॅलिपर चुकीचा असू शकतो, तो मी दुकानातल्या नव्या कॅलिपरशी ताडून पाहिला. तीन फेऱ्या कापल्याची माझी आठवण चुकीची असू शकते, पण प्रत्येक फेरीच्या काचा कपाटात होत्या, माझ्याच अक्षरातल्या. मेण उन्हाने पसरतं. पण पसरलेलं मेण पसरट होतं, उंच होत नाही.

मग मी एक प्रयोग केला. गेल्या आठवड्यात आलेला एक नवा ब्लॉक घेतला, ज्याला माझा हात कधी लागला नव्हता. तो आणि सविताचा ब्लॉक एकाच ट्रेमध्ये, एकाच बर्फावर ठेवला. रोज सकाळी दोन्हींमधून दहा पापुद्रे कापायचे आणि आधी-नंतर मोजायचं. सविताच्या ब्लॉकला नेहमीसारखी वाफ. नवा ब्लॉक माझा नव्हता, तेव्हा त्याच्या बाबतीत नियम पाळला आणि ओला कापूस लावला.

चार दिवसांत नवा ब्लॉक हिशेबाप्रमाणे कमी झाला.

सविताचा चार पूर्णांक आठ दशांशावर गेला.

कापण्याची खोली लहान आहे. पाण्याच्या भांड्याची घरघर, पंखा आणि चाकाचा आवाज, एवढंच तिथे असतं. मी तिन्ही बंद करून बसलो. भीती वाटत होती का, असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. एक प्रश्न मात्र सारखा येत होता. तुकडा गाठीतून घेतलेला. मग जे वाढतंय ते कोण आहे? सविता, की जे तिला घेऊन गेलं ते?

५

शुक्रवारी चौथ्या फेरीचे पापुद्रे काढायला बसलो. बाकीच्या ब्लॉकांना अजून हात लावला नव्हता. वाफ दिली, चाक फिरवलं. पट्टी निघाली, पाण्यावर सोडली. ती पसरली आणि मला तिच्यात काळं काहीतरी दिसलं.

पापुद्र्याला रंग नसतो. रंग नंतर चढवतात. पाण्यावर तो धुरासारखा दिसतो. या धुराच्या एका कडेला तीन काळे ठिपके होते. सारख्या अंतरावर, एका ओळीत. पुढच्या पापुद्र्यातही तीन. त्याच्या पुढच्यातही.

मी ती पट्टी काचेवर उचलली आणि रंगवली.

मी काच मॅडमकडे नेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ पाहिली. "ही त्वचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि काळं ते गोंदण. शाईचे कण आहेत. पण भाऊ, छातीची त्वचा अशी नसते. ही मनगटाची वाटते मला."

"दुसऱ्या कोणाचं पाण्यात राहिलं असेल," मी म्हणालो. असं होतं. एकाच्या तुकड्यातला कण पाण्यात तरंगत राहतो आणि दुसऱ्याच्या काचेवर चढतो.

"तेच म्हणते मी. भांडं बदला, पातं बदला, परत काढून आणा."

मी भांडं घासलं, नवं पाणी भरलं, नवं पातं लावलं. ठिपके तिथेच होते.

सविताच्या डाव्या मनगटावर तीन ठिपके होते. ती सात वर्षांची असताना तिच्या आजीने, लिलाबाईने, जत्रेत बसवून गोंदवून घेतले होते. शाळेत नोकरी लागल्यावर तिला त्याची लाज वाटायची. घड्याळाचा पट्टा ती बरोबर त्याच्यावर बांधायची.

रंगवून नेलेली दुसरी काच मॅडमनी जास्त वेळ पाहिली. मग खुर्ची मागे सरकवून मला जागा दिली. "इकडे बघा. ठिपक्यांच्या खाली, उजवीकडे."

गुलाबी रेषांच्या मधोमध जांभळ्या पेशींचं एक लहानसं बेट होतं. मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं ही बेटं बघतो आहे.

"हा तोच आजार आहे," त्या म्हणाल्या. "आणि किती पेशी दुभंगताना दिसतायत बघा. चार वर्षांपूर्वीचा ब्लॉक ना हा? मला तर कालच काढल्यासारखा वाटतोय." त्यांच्या आवाजात आनंद होता. संशोधकाला काहीतरी सापडतं तेव्हाचा. "मुंबईला पाठवू. हे सगळं एकाच बाईचं आहे का, ते तरी कळेल. सोमवारी कुरिअर येईल, दोन थर मेण देऊन तयार ठेवा."

मी दाराशी पोहोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, बरं नाही का तुम्हाला?"

"उन्हाचा त्रास आहे थोडा," मी म्हणालो.

६

शनिवारी संध्याकाळी मी ब्लॉक डब्यात बर्फ घालून घरी आणला. बावीस वर्षांत असं काही मी केलं नव्हतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तो स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि समोर बसलो. पंखा बंद केला, खिडकी लावली. ब्लॉक गार होता, तेव्हा त्याच्यावर दव जमणं साहजिक होतं. मी तेच बघत होतो. दव जमलं.

मग ते पुसलं गेलं. कडेकडून मध्यापर्यंत, आपोआप. मेण पुन्हा चकचकीत झालं. थोड्या वेळाने पुन्हा धूसर.

मी मास्क लावला, माझा श्वास तिकडे जाऊ नये म्हणून. खुर्ची मागे घेतली. धूसर, चकचकीत. धूसर, चकचकीत. मला घड्याळ लावावंसं वाटलं.

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. माझी मुलगी, नाशिकला असते.

"पप्पा, जेवलात का?"

"जेवलो. वरण-भात केला होता."

"परत वरण-भात? भाजी करायला काय हात दुखतात?"

"उद्या करतो."

मग तिने विचारलं, "दम लागलाय का तुम्हाला?"

"नाही गं."

"मग कोण आलंय घरी?"

"कोणी नाही. का?"

"कोणीतरी फोनजवळ श्वास घेतंय असं वाटतं. सावकाश." ती हसली. "पंखा असेल."

"पंखाच आहे," मी म्हणालो आणि ताटलीजवळ ठेवलेला फोन उचलून दुसऱ्या खोलीत गेलो.

परत आल्यावर घड्याळ लावलं. एका मिनिटात आठ वेळा. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आठ.

शेवटच्या दिवशी सविताचा श्वास मी असाच मोजत बसलो होतो. नर्सने तक्त्यावर लिहिला तो आकडा मला पाठ आहे. मिनिटाला आठ. त्याच्या महिनाभर आधी तिने मला सांगितलं होतं, "आता पुरे करा. मला थांबू द्या." मी तिच्या उशाशी बसून हो म्हणालो, मग बाहेर जाऊन पुढच्या औषधाच्या कागदावर सही केली. तो महिना तिने कसा काढला ते मी पाहिलं आहे. प्रज्ञाला हे अजून माहीत नाही.

ती परत येत असावी, असं मला चार दिवस वाटत होतं. रोज सकाळी मी त्या वाफेची वाट बघत होतो, हेही खरं आहे. त्या दुपारी ताटलीसमोर मला पहिल्यांदा दुसरी शक्यता दिसली. ती कुठूनच परत येत नव्हती. ती अजून त्याच दिवसात होती आणि मी तिला तिथे धरून ठेवलं होतं.

७

सोमवारी पुना यायच्या आत मी कामाच्या जागी पोहोचलो. मेण तापवलं. बाहेर पाठवायच्या ब्लॉकचं उघडं तोंड मेणात बुडवून बंद करतात, म्हणजे आत हवा जात नाही. आधी एक पातळ थर, तो सुकला की दुसरा.

पहिला थर दिला आणि ब्लॉक वर उचलला. मेण पांढरं होत गेलं. तीन ठिपके दिसेनासे झाले.

मग मधोमध तो थर उचलला गेला. बुडबुड्यासारखा नाही, बुडबुडा फुटतो. हा वर आला, थांबला आणि खाली बसला. पुन्हा वर आला. या वेळी जास्त उशिरा.

मी ब्लॉक चेहऱ्याजवळ नेला. माझा श्वास मी रोखून धरला होता. वरच्या ओठावर मला काहीतरी कोमट लागलं. त्याला सविता जेवणानंतर खायची त्या बडीशेपेचा वास होता.

"सविता," मी म्हणालो.

थर वर आला.

मी ब्लॉक पुन्हा मेणात धरला. नियमाप्रमाणे एवढा वेळ लागत नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. साठच्या पुढे बोटांना काही जाणवलं नाही, तरी मोजत राहिलो.

साडेआठला पुना ट्रे घेऊन आला. टेबलाकडे, मेणाच्या भांड्याकडे आणि माझ्याकडे बघून त्याने ट्रे खाली ठेवला. विनोद केला नाही. तो नंबर कोणाचा ते त्याला माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मेण दी टाकं का भाऊ?" त्याने विचारलं.

"दिलं."

कुरिअरवाला साडेदहाला येऊन डबी घेऊन गेला.

८

मुंबईहून पंधरा दिवसांनी पत्र आलं. ब्लॉकमध्ये तपासण्याजोगा तुकडा आढळला नाही, केवळ मेण आहे. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्याकडूनच काहीतरी चुकलं असणार." मी हो म्हणालो. त्या काचा मात्र त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. अधूनमधून काढून बघतात.

मला बरं वाटत होतं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपत होतो. घरी भाजीही करत होतो.

आज सकाळी पुना दारात आला. हात पुसत होता.

"भाऊ, सातवा खण बठस नही."

"त्यातला एक ब्लॉक तर गेला. जागा रिकामी आहे."

"जागा भरी गयी." तो खाली बघत म्हणाला. "सहावा भी नही बठस आते. आठवा भी तसाच शे. तिन्ही आडी गयात."

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. प्रयोगातली खोट मला त्या क्षणी दिसली, आणि ती इतकी साधी होती की एखाद्या शिकाऊ मुलीनेही दाखवली असती. नव्या ब्लॉकला मी वाफ दिली नव्हती. तो वाढला नाही तेव्हा मी समजलो, जे घडतंय ते सविताचं आणि माझं आहे. एका ब्लॉकच्या दीड मिलिमीटरने खण अडत नाही, हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं. खण अडायला रांगेतले सगळे लागतात.

तीन फेऱ्या. एकशे बारा बायका. प्रत्येकीवर मी मास्क खाली ओढून, जवळ जाऊन श्वास सोडला होता.

"उघडाव का खण?" पुनाने विचारलं.

"नको. थांब."

आम्ही दोघं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. खाली दिवा चालू होता. पंखा तिथे नाही, कधीच नव्हता. तरी कपाटाच्या बाजूने आवाज येत होता, एक लय नसलेला, पुष्कळ जणी एका खोलीत दुपारी झोपल्यावर येतो तसा.

कॅलिपर माझ्या खिशात आहे. वरच्या मजल्यावर मेण तापत ठेवलं आहे. एकशे अकरा घरांमध्ये कोणी ना कोणी असेल, ज्याला कदाचित हे सांगायला हवं, कदाचित नको. मी मास्क नीट वर ओढला आणि पहिली पायरी उतरलो.